‘हाव’ म्हटलं का बाई जाते

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी बाबा जिनिंगवरून, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यातून, आले आणि हातपाय न धुताच त्यांनी खिशातली काटापट्टी माझ्या कीबोर्डवर ठेवली. अंगभर कापसाचे तंतू, भुवयांवरसुद्धा. मी ऑफिसच्या कॉलवर होते. पांढरकवड्याकडच्या आमच्या गावात नेटवर्क टिकतं ते फक्त माळ्यावरच्या खिडकीपाशी, म्हणून माझं ऑफिस माळ्यावर, जुन्या कणगीच्या शेजारी. बाबा सहसा तिथवर चढून येत नाहीत.

"हे पाय बरं," ते म्हणाले. "आपली ट्राली खाली तेहतीसशे दहा भरते, ट्रॅक्टरसकट. दरसाल तेवढीच भरते. यंदा तिनं काय खाल्लं?"

पट्टीवर तीन आकडे होते. भरलेली गाडी ५,८३० किलो, खाली म्हणजे रिकामी गाडी ३,४५०, निव्वळ कापूस २,३८०. बाबांच्या हिशेबानं खाली गाडी ३,३१० हवी. म्हणजे १४० किलो कापूस काट्यानं गिळला. क्विंटलला सात हजार धरले तरी ९,८०० रुपये झाले.

काट्यात मारणं आमच्याकडे नवं नाही, त्यामुळे माझा पहिला संशय माणसावरच गेला. बाबांचा नाही गेला. त्यांच्या पुढं रांगेत गावातलाच एक जण होता. चहाच्या टपरीवर त्यांनी त्याची पट्टी मागून पाहिली होती. त्याची खाली गाडी ३,४५०.

"त्याचंच वजन आपल्याले चिकटलं," बाबा म्हणाले. "काट्यावरचा पोरगा म्हणते, कंप्युटरनं केलं."

‘कंप्युटरनं केलं’ हे वाक्य ऐकलं की मला राग येतो, कारण माझा धंदाच तो आहे. सॉफ्टवेअर कुठं मोडतं ते मी दिवसभर शोधते. मी सहज विचारलं, तिथली स्क्रीन कशी दिसते. बाबा म्हणाले, "वरतं हिरवी पट्टी हाये, अन् आकडे मोठाले."

माझ्या पोटात गोळा आला. ती हिरवी पट्टी मी ओळखत होते.

सात वर्षांपूर्वी, नागपुरात, पहिल्या नोकरीत मी त्या प्रोग्रामचा मधला भाग लिहिला होता. वजनकाट्याच्या सांगाड्याखाली लोडसेल असतात. गाडीच्या भारानं ते केसभर दबतात, त्यांचा विद्युतरोध बदलतो आणि ऑफिसातला इंडिकेटर त्या बदलाचा आकडा करतो. तो आकडा सिरियल केबलमधून एकेक अक्षर करत कंप्युटरकडे येतो. तिथं तो वाचायला इंडिकेटर बनवणाऱ्यांनी दिलेली सी भाषेतली लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संच. तिच्यावर माझा पायथनचा थर. त्याच्यावर ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्टची स्क्रीन, तीच हिरव्या पट्टीची. एका ट्रॉलीचं वजन कागदावर उतरेपर्यंत तीन भाषांच्या वेशी ओलांडतं. आणि वजन ओलांडतं त्याच वाटेनं ‘वजन मिळालं नाही’ हा निरोपही जायला हवा. तो निरोप माझ्या वेशीवर मेला होता.

कसा मेला ते सांगते, कारण यात चूक फार साधी आणि सवय फार जुनी आहे.

सी ओरडत नाही, पुटपुटते. सीमधलं फंक्शन फसलं तर ते सहसा एक आकडा परत देतं, उणे एक वगैरे, आणि कारण एरर्नो नावाच्या ठरलेल्या जागी लिहून ठेवतं. एरर्नो म्हणजे ग्रामपंचायतीबाहेरचा फळा. ज्याला लिहायचं तो लिहून जातो, पुसणं कुणाचंच काम नाही. सीच्या प्रमाणकातच लिहिलंय की लायब्ररीतलं कुठलंही फंक्शन तो फळा स्वतःहून शून्य करणार नाही. त्यामुळे फळ्यावर काही दिसतंय म्हणजे आत्ताच काही बिघडलंय असं धरता येत नाही. आधी परत आलेला आकडा पाहायचा. तो ‘फसलं’ म्हणाला, तरच फळा वाचायचा, आणि मध्ये दुसरं कुणी लिहून जायच्या आत वाचायचा.

पायथनचा स्वभाव उलटा. तिथं काही फसलं की एक्सेप्शन, म्हणजे एक ओरडा, उठतं आणि ज्यानं बोलावलं त्याच्याकडे, मग त्याला बोलावणाऱ्याकडे, असं दारं ठोठावत वर जातं. कुणीच दार उघडलं नाही तर अख्खा प्रोग्राम बंद पडतो. पायथनमध्ये वाढलेल्या माणसाला सवय लागते की ओरडा ऐकू आला नाही म्हणजे सगळं बरं चाललंय. ही सवय घेऊन मी सीच्या दारात गेले.

पायथनमधून सीचं फंक्शन बोलावायला सीटाइप्स नावाची सोय आहे. वजन ठेवायला मी लायब्ररीपुढं एक डबी धरायची. काटा बोलला तर डबीत नवं वजन पडणार आणि शून्य परत येणार, काटा गप्प राहिला तर डबीला हात न लावता उणे एक. मी डबी प्रोग्राम सुरू होताना एकदाच बनवली आणि दर वेळी तीच पुढं केली. परत येणारा आकडा मात्र मी घेतलाच नाही. तसं लिहिणं पायथनला मुळीच खटकत नाही. ओळ चालली, ओरडा झाला नाही, आणि डबीत मागच्या गाडीचं वजन तसंच पडून राहिलं. जिनिंगची मोठी मशीन सुरू झाली की तिथं व्होल्टेज पडतं. त्या दोन-तीन सेकंदांत इंडिकेटर मुका झाला असणार, आणि नेमकी तेव्हा आमची खाली ट्रॉली काट्यावर उभी असणार.

सीटाइप्समध्ये परत आलेला आकडा तपासून त्याचं एक्सेप्शन करायची सोय तेव्हाही होती. एररचेक म्हणतात तिला. मला माहीत होती का? हो, होती.

बाबांचं काम दुसऱ्या दिवशी झालं. जिनिंगच्या मालकानं गाडी पुन्हा खाली तोलून घेतली, ३,३१० भरली, फरक दिला. माझं काम तिथून सुरू झालं. नागपुरातली ती छोटी कंपनी आता माझा त्या वेळचा सहकारी चालवतो. त्याला फोन केला तर म्हणाला, "तूच केलंयस, तूच बघ," आणि जुन्या नोंदी उघडून दिल्या. मी मागोमाग आलेल्या दोन गाड्यांचं वजन तंतोतंत सारखं कुठं आहे ते शोधलं. त्या मोसमात अशा अकरा जोड्या निघाल्या. पण काटा दहा-दहा किलोच्या टप्प्यानं बोलतो, आणि एकाच बनावटीच्या दोन ट्रॉल्या खरोखरच सारख्या भरू शकतात. अकरातल्या किती खऱ्या आणि किती माझ्या, हे मला सांगता येत नाही आणि आता कुणालाच येणार नाही. चूक चुकीच्या रूपात नोंदली गेली असती तर सापडली असती. ती वजन होऊन बसली.

त्याच हिवाळ्यात आमची आशाताई मला एका कोलाम पोडावर घेऊन गेली. तिच्या मोबाइलवरचा फॉर्म अडत होता आणि ‘कंप्युटरवाली पोरगी’ म्हणून गावातली असली सगळी कामं माझ्याकडे येतात. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. यवतमाळ जिल्ह्यात अशा पुष्कळ आहेत. आपल्या विदर्भात भाषांची तीन वेगवेगळी कुळं एका बाजाराच्या दिवशी शेजारीशेजारी बसतात, हे मला कॉलेजात जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. मराठी-वऱ्हाडी एका कुळातली. गोंडी आणि कोलामी तेलुगूच्या बाजूच्या, द्राविडी. मेळघाटातली कोरकू तर मुंडा भाषांपैकी, तिचे नातलग झारखंडाकडचे. आमच्याकडून पैनगंगा ओलांडली की तेलंगणा, म्हणून जिनिंगवर तेलुगू बोलणारे मजूरही असतात. आणि आम्ही शाळेत ‘सीमाप्रश्न’ म्हणजे बेळगाव एवढंच शिकलो!

एका झोपडीत म्हातारी होती, बीपीच्या गोळ्या चालू असलेली. फॉर्म इंग्रजीमिश्रित मराठीत, आशाताई वऱ्हाडीत विचारणार, नातू कोलामीत सांगणार. प्रश्न होता, गेल्या महिन्यात गोळ्या रोज घेतल्या का. आशाताईनं विचारलं, नातवानं सांगितलं, म्हातारी म्हणाली, "हाव," म्हणजे हो. आशाताईनं खूण केली आणि पुढच्या घरी गेली. मी मागं रेंगाळले, कारण मला चहा दिलेला होता. फळीवर साखरेच्या डब्याशेजारी गोळ्यांच्या पट्ट्या दिसत होत्या, जवळजवळ भरलेल्या. म्हातारीनं माझी नजर पाहिली. तिला वऱ्हाडी चांगलीच येत होती, असं निघालं.

"चक्कर येते त्यानं," ती म्हणाली. "वावरात पडलो त कोन पाहीन?"

मग सांगितलं का नाही, मी विचारलं.

ती हसली. "नायी म्हटलं का ते पुसतच राह्यते. काहून नायी, कवापासून नायी, दवाखान्यात चाल. हाव म्हटलं का बाई जाते."

तालुक्याच्या दवाखान्यात कागदावर काय दिसणार? गोळ्या रोज चालू, बीपी तरीही वाढलेलं. म्हणजे गोळी पुरत नाही, वाढवा. चक्कर दुप्पट. निरोप मधल्या कुणी मुद्दाम बदलला नव्हता. नातवाला शेळ्यांकडे जायचं होतं, आशाताईला अजून चौदा घरं होती, मला चहा संपवायचा होता. ‘नाही’ म्हणणाऱ्याला आणि तो ‘नाही’ पुढं नेणाऱ्याला, प्रत्येकाला जास्तीचं काम पडतं. ‘हाव’ फुकट आहे.

(या ‘हाव’वरूनही एक. पुण्यात होस्टेलवर नवीन असताना एका मुलीनं विचारलं, जेवलीस का. मी म्हटलं, हाव. ती म्हणाली, कशाची? दोन्हीकडे चालणारा शब्द, दोन्हीकडे वेगळा अर्थ, आणि म्हणूनच तो कुठल्याच वेशीवर अडत नाही.)

त्या म्हातारीनं जे सांगितलं ते मला माझ्या क्षेत्रातल्या कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. आम्ही म्हणतो, चूक गिळली गेली. कुणी गिळली आणि का, हे विचारत नाही. सात वर्षांपूर्वीच्या मला त्या आकड्याचं काहीतरी करावं लागलं असतं. उणे एक आला तर काय दाखवायचं, किती वेळा पुन्हा विचारायचं, पट्टी छापायची की नाही, मालकाला कोण विचारणार. संध्याकाळी सातला डेमो होता. ‘हाव’ म्हटलं आणि डेमो झाला.

२०१४ साली टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी पाच मोठ्या वितरित, म्हणजे अनेक संगणकांवर मिळून चालणाऱ्या, प्रणालींमधले १९८ बिघाड एकेक करून तपासले. त्यातले जे सगळ्यात जबर होते, अख्खी प्रणाली आडवी करणारे, त्यांच्यापैकी ९२ टक्के बिघाडांत प्रोग्रामनं चूक स्वतःहून सांगितली होती; ज्यानं ती हाताळायची त्यानं चुकीची हाताळली. म्हणजे कुणीतरी ओरडलं होतं. काही ठिकाणी तर चूक हाताळायच्या जागी कोडमध्ये फक्त एक टीप होती, ‘हे नंतर करायचं आहे’. ते वाचून मी माळ्यावर एकटीच हसले, आणि मग माझी फाइल उघडून पाहिली. तिथं टीपसुद्धा नव्हती.

उलट उदाहरण पाहायचं तर ते आमच्या कापूस खरेदीतच आहे. सरकारी खरेदी केंद्रावर कापसाची ओल मोजतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, ८ ते १२ मध्ये त्या प्रमाणात कपात, १२ च्या वर माल परत. शेतकरी शिव्या देतो, द्यायलाच पाहिजेत, भाडं कोण भरणार. पण त्याला १४ हा आकडा कळतो, आणि १४ चं काय करायचं हेही कळतं: अंगणात पसर, दोन दिवस ऊन दे, परत घेऊन ये. ‘नाही’ कारणासकट आणि आकड्यासकट शेवटच्या माणसापर्यंत पोचला.

नाही पोचला की काय होतं, याचं एक फार महागडं उदाहरण ४ जून १९९६ चं. फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियान-५ रॉकेटचं पहिलं उड्डाण. चाळीसेक सेकंदांत ते वाकडं होऊन फुटलं. कारण सांगताना सगळे एवढंच सांगतात की ६४ बिटांचा दशांशी आकडा १६ बिटांच्या जागेत कोंबला, तिथं ३२,७६७ च्या वर मावत नाही. खरंय. अडखळलेला भाग एरियान-४ साठी एडा भाषेत लिहिलेला होता, आणि उड्डाण झाल्यावर त्या मापनाची गरजही नव्हती. पण माझं लक्ष पुढच्या गोष्टीवर अडतं. दिशा मोजणारा संगणक फसला तेव्हा तो गप्प बसला नाही. त्यानं ‘मी फसलोय, हे बघा माझे तपशील’ अशी माहिती मुख्य संगणकाकडे पाठवली. तिचा काही भाग मुख्य संगणकानं उड्डाणाची खरी माहिती म्हणून वाचला. रॉकेट भलत्याच दिशेला चाललंय असं समजून त्यानं नोझल पूर्ण वळवले. राखीव दुसरा संगणक होता, पण तो त्याच कारणानं काही मिलिसेकंद आधीच बंद पडला होता. जाक-लुई लिऑन्स या गणितज्ञाच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं हे सगळं नोंदवून ठेवलंय. फसल्याचा निरोप वजन म्हणून वाचला गेला, असंच मी म्हणेन. आमच्या ट्रॉलीसारखा.

तर परीक्षा कशी घ्यायची? साधारण टेस्टिंग म्हणजे बरोबर वजन टाक, बरोबर पट्टी येते का पाहा. मला उलटं करायचं होतं. मुद्दाम फसवायचं आणि दुसऱ्या टोकाला उभं राहून काय येतं ते पाहायचं.

लिनक्सवर सोकॅट नावाचं साधन दोन खोटे सिरियल पोर्ट एकमेकांना जोडून देतं. एका बाजूला खरा प्रोग्राम लावला, दुसऱ्या बाजूला मी लिहिलेला खोटा काटा. हा काटा हुकमी बिघडतो. मध्येच मुका होतो, ‘५८’ एवढं बोलून थांबतो, ओव्हरलोडची खूण पाठवतो, आकड्यात एखादं भलतंच अक्षर घुसवतो, नाहीतर पोर्टच नाहीसा करतो, केबल उपटल्यासारखा. डिस्क भरल्याचं सोंग करायला लिनक्समध्ये आयतीच सोय आहे, डेव्ह-फुल नावाची एक फाइल. तिच्यात काहीही लिहायला जा, ती ‘जागा नाही’ म्हणते. इतका प्रामाणिक नकार मी सरकारी कचेरीतसुद्धा पाहिलेला नाही.

कधी बिघडवायचं, याची युक्ती एस्क्यूलाइटवाल्यांची. तो छोटा डेटाबेस आपल्या प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असतो. त्यांच्या चाचणीत एक काम करायला घेतात आणि मेमरीची पहिलीच मागणी मुद्दाम नाकारतात. मग तेच काम पुन्हा, आता दुसरी मागणी नाकारायची. मग तिसरी. काम एकदाही न अडता पुरं होईपर्यंत. दिवाळीच्या माळेतला मेलेला दिवा शोधताना आपण एकेक दिवा काढून बघतो, तसा हा चिकट उद्योग आहे, पण ‘नेमका इथंच कधी बिघडला नव्हता’ असा कोपरा त्यातून सुटत नाही.

आणि मोजायचं कसं, ते मी आमच्या गायक्याकडून घेतलं. तो सकाळी आखरावरून ढोरं नेताना मोजतो आणि संध्याकाळी पुन्हा मोजतो. आकडा जुळला तरी त्याचं भागत नाही. प्रत्येक ढोर तेच आहे ना, हे तो पाहतो. मी प्रत्येक खोट्या बिघाडाला क्रमांक दिला आणि स्क्रीनवर तोच क्रमांक पोचतो का ते तपासलं. पहिल्या दिवशी ३० बिघाड पाठवले. १७ आपल्या नावानं पोचले. ८ पोचले, पण दुसऱ्याच्या नावानं: केबल तुटली, स्क्रीन म्हणाली ‘इंटरनेट तपासा’. बिचारा काट्यावरचा पोरगा राउटर बंद-चालू करत बसला असता. उरलेले ५ वजन होऊन आले.

त्या पाचांतला एक सांगते. डबीची चूक मी तोवर दुरुस्त केली होती. काटा मुका झाला की आता पायथनमध्ये एक्सेप्शन उठत होतं. वरच्या थरात ते पकडून वजनाच्या जागी ‘काहीच नाही’ ठेवलं जात होतं, पायथनमधलं नन. जेसन या निरोप पाठवायच्या साच्यातून जाताना त्याचा नल झाला. इथवर अर्थ शाबूत होता. जावास्क्रिप्टमध्ये मात्र वजाबाकीत नल म्हणजे शून्य. ५,८३० उणे ‘काहीच नाही’ बरोबर ५,८३०. निव्वळ कापूस ५,८३० किलो. ट्रॅक्टर, ट्रॉली आणि वर बसलेला ड्रायव्हर, सगळं कापसाच्या भावात. डेटाबेसच्या एस्क्यूएल भाषेत हीच वजाबाकी केली असती तर उत्तर नलच आलं असतं, तिथं गणितात ‘नाही’ला हात लागलेली प्रत्येक गोष्ट ‘नाही’च होते. भाषा बदलली की ‘नाही’चा स्वभाव बदलतो. मी बाबांना ती पट्टी दाखवली. त्यांनी चष्मा लावून आकडा नीट वाचला आणि म्हणाले, "हे तं राहू दे नं वं."

दुसरा बिघाड जास्त छुपा होता. गाडी स्थिर झाली की सीची लायब्ररी माझं पायथनमधलं फंक्शन स्वतःच बोलावते. म्हणजे वेस उलट्या दिशेनं. आता ओरडा पायथनमध्ये उठला तर तो सीच्या दारात जाणार, आणि सीला तर ओरडा ऐकू येत नाही. सीटाइप्स तिथं काय करतं? एक्सेप्शनकडे दुर्लक्ष केलं असं एका ओळीत छापतं आणि सीला पुढं जाऊ देतं. ती ओळ दिसायला समोर कुणीतरी हवं. आमचा प्रोग्राम पडद्यामागं चालतो, ती ओळ सात वर्षं हवेत छापली जात होती.

प्रत्येक भाषेच्या जोडीची अशी आपापली रीत आहे. जावातून सीमध्ये गेलात आणि तिथं जावाचं एक्सेप्शन उठलं तर सीचं काम थांबत नाही. लग्नघरी मयताची खबर आली तरी पंगत उठेपर्यंत कुणी बोलत नाही, तसं ते एक्सेप्शन अडकवून ठेवलेलं असतं, आणि जावाच्या घरात परत पाऊल टाकलं की फुटतं. मधल्या वेळात सीवाल्यानं स्वतः विचारायला हवं, काही खबर आहे का. न विचारता तो जावाला पुढची कामं सांगत बसला तर काय होईल याची हमी नाही. पायथनच्या आत सीमधून पूर्णांक काढताना उणे एक आला तर तो खराच उणे एक आहे की फसल्याची खूण, हे वेगळं विचारावं लागतं. आमचा रिकामा काटा पावसानंतर उणे दहा दाखवतो, तेव्हा हा प्रश्न मला पुस्तकी वाटत नाही.

रस्ट भाषेनं २०२४ मध्ये, १.८१ आवृत्तीपासून, सरळ ठरवून टाकलं: रस्टमधली घबराट, म्हणजे तिथला ओरडा, सीच्या वेशीपर्यंत आली तर प्रोग्राम तिथंच बंद. मुद्दाम वेगळं सांगितलं नसेल, तर पलीकडे काहीच जाऊ द्यायचं नाही. मला ते पटतं. पण मागं चाळीस ट्रॉल्यांची रांग असताना काटा बंद पडला तर त्या पटण्याचं काय करायचं, हे रस्टवाल्यांना विचारून उपयोग नाही. म्हणून आमच्याकडे बंद न करता सांगायचं ठरलं. आठवडाभर ३० चे ३० बिघाड आपापल्या नावानं पोचेपर्यंत मी माळ्यावरून उतरले नाही, असं आई शेजारी सांगते. जेवायला उतरत होते.

जानेवारीत नवी आवृत्ती जिनिंगवर बसली. मी स्वतः गेले. पोराला विचारून, काट्यावर गाडी नसताना, सिरियल केबल उपटली. स्क्रीनवर मोठ्या लाल अक्षरांत आलं: ‘वजन मिळालं नाही. काटा उत्तर देत नाही. पुन्हा घ्या.’ केबल लावली, वजन आलं. मला आनंद झाला, आणि तो माझ्या तोंडावर दिसला असणार.

पोरगा मात्र खूश नव्हता. विशीतला, कानात कापसाचे बोळे, मशीनच्या आवाजासाठी. "ताई, पहिलेचंच बरं होतं," तो म्हणाला. "आता हे दिवसातून लय खेपा ‘मिळालं नाही’ म्हनते. मांगं ट्राल्या उभ्या राह्यते, लोक भोंगे मारते, मालक मलेच बोलते."

पहिल्यांदाही ते मिळतच नव्हतं रे, मी म्हटलं.

"पन बोलत त नव्हतं नं."

मालकाच्या आग्रहावरून स्क्रीनवर एक नवीन बटण आलेलं मला तेव्हा दिसलं. ‘हातानं भरा’. माझ्या सहकाऱ्यानं मला न सांगता घातलेलं. मी त्या दिवसाच्या नोंदी उघडल्या. दुपारपर्यंत १९ वेळा ‘मिळालं नाही’. त्यातल्या १८ वेळा दोन-तीन सेकंदांत पुन्हा वाचून खरं वजन आलेलं. एकदा हातानं भरलेलं: खाली गाडी, ३,४००. गोल आकडा.

बाहेर सरकीच्या ढिगापलीकडे भोंगे सुरूच होते. मी त्या गाडीचा नंबर जुन्या पट्टीच्या मागं लिहून घेतला आणि ती अजून आवारात उभी आहे का ते पाहायला बाहेर आले.